दहा तारखेनंतर ये

आमच्या घरात टीव्हीच्या पैशांची एक तारीख होती आणि ती आईने ठरवलेली होती. केबलवाल्याचा पोरगा पाच-सहा तारखेला दारात उभा राहिला, की ती स्वयंपाकघरातूनच सांगायची, "दहा तारखेनंतर ये." कारण सरळ होतं. वडील वाळूजच्या एमआयडीसीत कामाला होते. कारखान्यात हजाराहून कमी माणसं असतील तर सात तारखेच्या आत आणि जास्त असतील तर दहाच्या आत पगार झाला पाहिजे, असं १९३६ चा वेतनाचा कायदा तेव्हा सांगायचा. वाळूज, चिकलठाणा, चितेगाव इथल्या कारखान्यांवर चालणाऱ्या कितीतरी घरांचा महिना त्या कायद्याप्रमाणे उजाडायचा. किराणा, दूध, पेपर, केबल, सगळे दहानंतर. पोरगा वहीत खूण करून जायचा आणि अकराला परत यायचा. मधल्या दिवसांत लाइन कधी बंद झाली नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा पहाटे फोनवर आलेला एक निरोप. एका स्ट्रीमिंग सेवेचे वर्षाचे पैसे खात्यातून गेले होते, आणि रक्कम गेल्या वर्षीपेक्षा मोठी होती. आगाऊ सूचना आली असणार, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. शंभर निरोपांच्या गर्दीत मी ती वाचली नव्हती. कुणाला विचारायचं, हा प्रश्न मनात आला आणि उत्तर सापडलं नाही. मग घरात बसून चित्रं बघण्याचे पैसे आपण कधीपासून देतोय, कुणाला देतोय आणि त्या पैशांना काय म्हणत आलोय, हे शोधत गेलो. आकडे सापडलेच, पण त्याहून मोलाचे सापडले ते शब्द. लायसन, वर्गणी, भाडं, केबलचे पैसे, पॅक, रिचार्ज, सबस्क्रिप्शन. प्रत्येक शब्दात घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं नातं वेगळं आहे.

सगळ्यांत जुना शब्द लायसन. आपल्या शहराला लहरींची ओळख लवकर झाली. १९४७ साली देशातल्या संस्थानांची म्हणून जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि बडोद्याच्या जोडीला औरंगाबाद होतं. तेव्हा हा मुलूख निजामाचा. पुढे देशभर एकच पद्धत राहिली, ती अशी की रेडिओ घरात ठेवायचा तर सरकारी परवाना हवा आणि तो दरवर्षी पोस्टात जाऊन नव्याने करून घ्यायचा. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०. त्याचं एक छोटं पुस्तक असायचं आणि त्यात पैसे भरल्याची तिकिटं चिकटवलेली असायची. तपासनीस घरी किंवा दुकानात येऊन ते पुस्तक मागू शकत असे, आणि ते नसेल तर दंड करून संच जप्तही करू शकत असे. म्हणजे पैसे कार्यक्रमांचे नव्हते. घरात यंत्र बाळगण्याची ती परवानगी होती, बंदुकीसारखी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मराठवाड्याला वाट बघावी लागली. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंग आला, १९८४ च्या आसपास सरकारने देशभर छोटी प्रक्षेपणकेंद्रं झपाट्याने उभी केली आणि आपल्यासारख्या शहरांच्या गच्च्यांवर अँटेना उगवले. हडको भागातल्या एका चौकाचं नावच टीव्ही सेंटर पडलं आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी ते आजही तसंच आहे. पण याच सुमाराला लायसनची पद्धत रद्द झाली. टीव्ही इथे घरोघरी पोचू लागला तेव्हा तो बघणं फुकट झालेलं होतं.

फुकट म्हणजे काय, हे इथे थांबून बघायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या होत्या. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' आली ती नूडल्सच्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर. लायसनचे पन्नास रुपये गेले आणि त्यांच्या जागी साबण, टूथपेस्ट, नूडल्स आले. बघणाऱ्याने पैशांऐवजी वेळ मोजायला सुरुवात केली. हा सौदा आम्हाला मान्य होता. जाहिरातींची गाणी आम्हाला कवितांपेक्षा लवकर पाठ झाली, हेही खरं.

त्या काळात खरा खर्च होता तो संचाचा. आणि इथे आपल्या शहराचं नाव देशाच्या घरोघरी गेलं. साखर कारखानदारीतून आलेल्या नंदलाल धूत यांच्या कुटुंबाने व्हिडिओकॉन उभी केली. पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरला, चितेगावला, तिचा कारखाना होता. जपानी तोशिबाचं तंत्रज्ञान आणि मराठवाड्यातल्या पोरांचे हात. आमच्या गल्लीत दोन घरं अशी होती जिथली माणसं दिवसभर टीव्ही जोडायची आणि संध्याकाळी शेजाऱ्याकडे बघायला जायची, कारण रंगीत संचाची किंमत कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं आणि त्या रविवारांनी अनेक घरांना हप्ते काढायला लावलं.

ज्यांना हप्ता झेपत नव्हता त्यांच्यासाठी भाडं होतं. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने मिळायचा, सोबत तीन कॅसेटी. गणपतीत, लग्नघरी, कधी नुसतंच शनिवारी. आणि हे भाडं एकटं कुणी देत नसे, वर्गणी निघायची. मराठीत वर्गणी हा फार गुणी शब्द आहे. मंडळाची वर्गणी, बलवंत वाचनालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. मासिकाचा वाचक तो वर्गणीदार. दिवाळी अंकांवर वाढलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना कुणी शिकवावी लागली नाही. एका चीजेचा भार अनेकांनी मिळून उचलायचा, प्रत्येकाचा वाटा ठरलेला, आणि हिशेब मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला. गल्लीतल्या विधवा आजींकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण खुर्ची पुढे ठेवायची, हे न सांगता ठरलेलं असायचं. आज ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतात त्याचं शब्दकोशातलं भाषांतर वर्गणी असंच आहे. पण त्या शब्दातला फळा आणि ती पुढची खुर्ची भाषांतरात येत नाहीत.

मग केबल आली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सीएनएनवर दिसलं. त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. ज्याच्याकडे गच्चीवर मोठी छत्री लावण्याइतके पैसे आणि खांबाखांबांवरून वायर ओढण्याइतकी हिंमत होती, तो केबलवाला झाला. सिडकोत एक, गारखेड्यात एक, गुलमंडीच्या बाजूला आणखी एक. प्रत्येकाचा इलाखा. १९९५ साली केबल नेटवर्कचा कायदा होईपर्यंत हा धंदा कुणाच्याच नियमात बसत नव्हता, आणि झाल्यावरही महिन्याचा दर ठरवायचा तो केबलवाल्यानेच. शेजारच्या कॉलनीत वेगळा, आमच्याकडे वेगळा. एकाच जिन्यातल्या दोन घरांचा दरही वेगळा असू शकायचा. घासाघीस चालायची. परीक्षेच्या दोन महिन्यांत आई केबल बंद करायची आणि त्या महिन्यांचे पैसे द्यायची नाही, पोरगा हसून वही पुढे सरकवायचा.

या लवचीकपणाचं दुसरं टोक काळं होतं, तेही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात केबल जोडणीवर करमणूक कर होता. पुढच्या काळात महापालिका हद्दीत तो जोडणीमागे महिना ४५ रुपये झाला आणि वसुली जिल्हाधिकारी कचेरीच्या करमणूक शाखेकडे. जोडण्या किती, हे केबलवाला सांगेल ते खरं. वाहिन्यांनाही तोच आकडा, सरकारलाही तोच. देशभर हा आकडा दाबून सांगितला जायचा, हे उघड गुपित होतं. आम्ही दिलेले पैसे पुढे कुठपर्यंत जातात हे आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारतही नव्हतो. आमची मालिका दिसत होती.

हे बदलण्यासाठी सेट-टॉप बॉक्स, म्हणजे डबा आला. चारही महानगरांना आधी लावला, आणि दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं घेतली, त्यांत औरंगाबाद होतं. मुदत ३१ मार्च २०१३. त्या मार्चमध्ये केबलवाल्यांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. घरात काळा पडदा, आणि दुकानात "काका, डबा कधी येणार?" प्रत्येक डब्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांक कंपनीच्या संगणकात. जोडण्यांची खरी मोजणी सुरू झाली ती तेव्हापासून. आणि त्याच दिवसापासून आईचा "दहा तारखेनंतर" लंगडा झाला, कारण पैसे भरले नाहीत तर डबा आता दूरवरून बंद होत होता. पोरगा म्हणाला होता, "काकू, माझ्या हातात राहिलं नाही." हे वाक्य मला नंतर फार ठिकाणी, फार माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं.

दरम्यान छत्र्या छोट्या होऊन भिंतींवर आल्या होत्या. डिश टीव्ही २००३ ला, टाटा स्काय २००६ ला, आणि २००९ ला आपल्या गावाच्या कंपनीची व्हिडिओकॉन डी-टू-एच. संच जोडणारे आता चित्रही विकू लागले. ती छत्री २०१८ च्या मार्चमध्ये डिश टीव्हीत विलीन झाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. चितेगावच्या रस्त्याने जाताना मला आजही त्या गेटकडे बघितल्याशिवाय राहवत नाही. ज्या शहराने देशाला पडदा दिला, त्या शहरात आता पडदाही बाहेरचा आणि पडद्यामागचा दुकानदारही.

१ फेब्रुवारी २०१९ ला दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. शंभर वाहिन्यांच्या वहनाचे जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर ज्या सशुल्क वाहिन्या हव्यात त्यांची वेगवेगळी किंमत. लोक वैतागले, अर्ज भरता भरता थकले. मला मात्र तो काळ या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पहिल्यांदाच कळलं की झी मराठी म्हणजे महिना १९ रुपये आणि स्टार प्रवाह ९. आई चष्मा लावून यादी घेऊन बसली आणि तिने आयुष्यात प्रथमच आपल्या मालिकांना भाव लावला. ही १९ ची, हिच्यात सध्या काही राम नाही, काढ. ही ९ ची, राहू दे. सह्याद्री फुकट आहे ना, मग कीर्तनाची सोय झाली. तासाभरात तिने जे केलं ते मोठमोठ्या कंपन्यांचे पॅक आपल्याला करू देत नाहीत.

पण तोवर खेळ दुसरीकडे सरकला होता. नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ ला भारतात आलं, सर्वांत स्वस्त योजना महिना ५०० रुपये. आमच्याकडे अख्ख्या घराची केबल त्याहून बरीच कमी पैशांत चालत होती. त्यात इंटरनेटचा खर्च वेगळा, आणि एक जीबीला तेव्हा दोनशे रुपयांच्या वर पडायचे. त्यामुळे ती गोष्ट मुंबई-पुण्याची म्हणून आम्ही सोडून दिली. आम्हाला त्या दारापर्यंत नेलं ते ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या जिओने. डेटा स्वस्त झाला आणि वाळूजच्या बसमध्ये, उस्मानपुऱ्याच्या चहाच्या टपरीवर, विद्यापीठाच्या वसतिगृहात हातातल्या पडद्यावर मालिका दिसू लागल्या.

पुढची दहा वर्षं आकडे असे धावले की मला कागद घेऊन बसावं लागलं. ॲमेझॉनचं प्राइम २०१६ ला आलं तेव्हा वर्षाला ४९९, पुढच्याच वर्षी ९९९. हॉटस्टारने २०१६ ला महिना १९९ मागितले, मग २०१९ ला वर्षाचे ३६५, रोज एक रुपया. आपल्या देशात काय चालतं हे त्यांना तोवर समजलं होतं. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ ची योजना काढली. आणि मग १४ डिसेंबर २०२१ चा तो दिवस. नेटफ्लिक्सने ४९९ ची योजना एकदम १९९ वर आणली, मोबाइलची १४९ वर, आणि त्याच दिवसापासून प्राइम ९९९ वरून १४९९ झालं. एक उतरत होतं, एक चढत होतं, आणि दोघांना गाठायचा होता तोच ग्राहक. महाग विकून माणसं मिळत नाहीत हे एकाला कळलं होतं. माणसं लागलेली आहेत, आता भाव वाढवता येतो, हे दुसऱ्याला.

मराठीपुरतं बोलायचं तर २०२१ च्याच जूनअखेर 'जून' नावाचा चित्रपट प्लॅनेट मराठीवर आला. त्याची गोष्ट औरंगाबादची, म्हणजे आमच्या रस्त्यांची. पण तो महिन्याच्या योजनेत नव्हता. एक वेळ बघायचे वेगळे पैसे, थिएटरच्या तिकिटासारखे. करोनात मोठे पडदे बंद होते. आपलं शहर बघायला मी घरात बसून तिकीट काढलं, आणि ते पैसे देताना मला अजिबात जड गेलं नाही. काय घेतोय आणि कशाचे देतोय, दोन्ही स्पष्ट होतं.

२०२३ चा आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवला. त्या मालिकेचे पाच वर्षांचे डिजिटल हक्क जिओसिनेमा चालवणाऱ्या वायकॉम १८ ने वीस हजार कोटींहून अधिक मोजून घेतले होते, आणि तरी बघणाऱ्याला शून्य रुपये. 'हम लोग'चा सौदाच पुन्हा, फक्त कितीतरी पट मोठा. वर्षभराने त्याच घराने २९ रुपये महिन्याची योजना काढली, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक होऊन जिओहॉटस्टार झालं. मोबाइलसाठी तीन महिन्यांचे १४९, जाहिरातींसह. प्राइम व्हिडिओनेही १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९.

इथे मी कागदावरून मान वर केली. लायसनपासूनची गोष्ट नीट लावली तर क्रम असा दिसतो. आधी आपण पैसे दिले, मग जाहिराती आल्या आणि पैसे थांबले. केबलमध्ये पैसे आणि जाहिराती दोन्ही. स्ट्रीमिंग आलं ते जाहिरातींपासून सुटका विकत. आणि आता पैसे आहेतच, जाहिराती परत आल्या आहेत, त्या काढण्याचे पैसे निराळे. २०२५ च्या दरांनी नेटफ्लिक्सची १९९ ची योजना बारा महिने, प्राइमचे १४९९, जिओहॉटस्टारची मधली वार्षिक योजना ८९९. बेरीज ४७८६, महिन्याला ३९९ च्या आसपास. त्यात मराठी मालिकांची दुसरी सेवा नाही, ब्रॉडबँड नाही, जाहिराती काढण्याचे पैसे नाहीत. या बेरजेला आमच्या घरात कुणी एका जागी बसून हो म्हटलेलं नाही. ती तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या अंगठ्यांनी झाली. २०२० पासून यूपीआयवर आपोआप कपातीची सोय आली तेव्हापासून तर अंगठाही दरवेळी लागत नाही.

दर जास्त आहेत अशी माझी तक्रार नाही. चांगल्या गोष्टीला पैसे द्यावेत, लिहिणाऱ्याला, नाचणाऱ्याला, दिवे धरणाऱ्याला ते मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. दुखतं ते वेगळंच. कपातीची तारीख ही आता पगाराची तारीख नसते. ज्या रात्री आपण पहिल्यांदा बटण दाबलं ती तारीख असते. कारखान्यातल्या माणसाच्या खात्यात महिनाअखेर काय उरतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ती तारीख धरलेली आहे. सवलत मागायला दार नाही, परीक्षेचे दोन महिने वजा करायला वही नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेर पासवर्ड वाटण्याला अटकाव केला तेव्हा माझा पुण्यातला भाऊ, नाशिकची बहीण आणि मी, तिघांची तीन वर्षं चाललेली वर्गणी संपली. नियमाने ते बरोबर असेल. पण आम्ही चोरी करत होतो असं आम्हाला एकदाही वाटलं नव्हतं. आम्ही गल्लीत शिकलो तेच करत होतो.

गेल्या महिन्यात आईच्या घरचा जुना डबा कायमचा गेला. मी तिला फ्री डिश लावून देणार होतो, एकदा छत्रीचे पैसे दिले की महिन्याचं काही नाही. तर तिच्याच केबलवाल्याचा मुलगा आला. तो आता फायबर टाकतो. महिन्याच्या एका रकमेत इंटरनेट आणि त्यात सात-आठ ओटीटी. खांद्यावर पांढऱ्या वायरचं वेटोळं, हातात क्यूआर कोडचं कार्ड. बापासारखाच चप्पल बाहेर काढून आत आला. त्याने भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली, टीव्ही सुरू करून दाखवला, आणि आईला मालिका कुठे दाबायची ते तीनदा समजावलं.

"किती द्यायचे?" आईने विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली. पेन्शन कधी येते हे तिलाच पक्कं माहीत नसतं. पण तोंडातून निघालं तेच. "दहा तारखेनंतर ये."

"काकू, हे प्रीपेड असतं," तो म्हणाला. मग वायरचा उरलेला तुकडा गुंडाळत त्याने माझ्याकडे बघितलं, फोन काढला, स्वतःच्या खात्यातून रिचार्ज मारला आणि खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं.